अंडपेशीचे संरक्षण आणि नैसर्गिक अर्क : एका संशोधनविषयाचा इतिहास

१

गेल्या पाव शतकात पशुप्रजननशास्त्राच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट प्रकारच्या शोधनिबंधांची संख्या सारखी वाढत आलेली आहे. गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी किंवा उंदीर यांच्या अंडाशयातून काढलेल्या अंडपेशी संवर्धन-द्रवात ठेवावयाच्या, त्या द्रवात एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा त्या अर्कातून वेगळे केलेले द्रव्य अल्प प्रमाणात मिसळावयाचे, आणि अर्कविरहित द्रवात वाढविलेल्या अंडपेशींशी त्यांची तुलना करावयाची, असे या प्रयोगांचे सर्वसाधारण स्वरूप असते. अर्कामुळे अंडपेशींवरील ‘ऑक्सिडीकारक ताण’ कमी झाला आणि त्यांच्यापासून निर्माण होणाऱ्या गर्भांचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष बहुधा काढलेला आढळतो. आज चहा, तर उद्या द्राक्ष, परवा हळद, अशी वनस्पतींची नावे बदलत जातात. प्रयोगाचा साचा मात्र तोच राहतो.

हा विषय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जवळचा वाटावा हे स्वाभाविक आहे. कत्तलखान्यातून अंडाशये मिळतात, आपल्या देशात वनस्पती विपुल आहेत आणि प्रयोगाची पद्धती आता रुळलेली आहे. परंतु जो विषय सहज हाती येतो त्याचा पूर्वेतिहास पाहण्याची गरज अधिक असते. अंडपेशीला अर्काने वाचवावयाचे, ही कल्पना कोठून आली? अंडपेशीला धोका आहे हे केव्हा व कसे कळले? आणि तो धोका निसर्गतःच असतो, की आपणच तो उत्पन्न करतो? या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने प्रस्तुत विषयाचा इतिहास मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रारंभी दोन संज्ञांचा खुलासा करणे अवश्य आहे. ‘अर्क’ हा शब्द आपल्याकडील वैद्यकात ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवासाठी रूढ आहे. येथे मात्र पाणी, मद्यार्क, तेल अथवा अन्य विद्रावक यांच्या साहाय्याने वनस्पतीतून ओढून घेतलेले कोणतेही मिश्रण, असा व्यापक अर्थ अभिप्रेत आहे. ‘ऑक्सिडीकारक ताण’ म्हणजे पेशीत उत्पन्न होणारी प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे आणि त्यांना निष्प्रभ करणारी पेशीची स्वतःची यंत्रणा यांतील तोल पहिल्या पक्षाकडे ढळणे. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलक ही त्या रूपांपैकी प्रमुख होत. तोल ढळला की पेशीपटलातील मेदद्रव्ये, प्रथिने व जनुकद्रव्य यांना इजा पोहोचते.

२

अर्क आणि प्रजनन यांची शास्त्रीय गाठ प्रथम पडली ती अंडपेशीच्या अभ्यासात नव्हे, तर आहारशास्त्रात. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन स्कॉट बिशप यांनी उंदरांच्या मोठ्या जातीवर, म्हणजे घुशीच्या कुळातील ‘रॅट’ या प्राण्यावर, केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, चरबी, क्षार आणि तोपर्यंत ज्ञात असलेली जीवनसत्त्वे एवढ्यावर वाढविलेल्या माद्या दिसावयास निरोगी होत्या. त्यांचे अंडमोचन होई, फलन होई, गर्भ गर्भाशयात रुजतही असे. परंतु पुढे तो विरघळून नाहीसा होई. आहारात लेट्यूसची ताजी पाने घातली की पिले जन्माला येत. हाच गुण गव्हाच्या अंकुरात आणि त्याहून अधिक प्रमाणात त्या अंकुराच्या तेलात आढळला.

या ठिकाणी इव्हान्स यांनी काय केले हे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. ‘गव्हांकुराचे तेल वंध्यत्व दूर करते’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. तेलात असे कोणते द्रव्य आहे, हा प्रश्न त्यांनी चौदा वर्षे लावून धरला, आणि १९३६ साली एमर्सन दांपत्यासह त्यांनी त्या तेलातून शुद्ध अल्फा-टोकोफेरॉल वेगळे केले. ‘अपत्यजन्म’ व ‘वाहून नेणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ते नाव बनविण्यात आले. १९३८ साली फेर्नहोल्ट्स यांनी त्याची रेणुरचना निश्चित केली आणि त्याच वर्षी कारर यांनी ते प्रयोगशाळेत संश्लेषित केले. जीवनसत्त्व ‘ई’ म्हणून आपण ओळखतो ते हेच.

याच काळात आयोवा येथे मॅटिल व त्यांचे सहकारी एका वेगळ्याच दिशेने त्याच द्रव्याजवळ येऊन पोहोचत होते. चरबी खवट होणे हे तिचे ऑक्सिडीभवन होय, आणि खवट चरबी आहारातील जीवनसत्त्व ‘ई’ नष्ट करते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९३१ साली ऑल्कट व मॅटिल यांनी लेट्यूसच्या तेलातील ऑक्सिडीभवनरोधी अंशाचे वर्णन केले; १९३७ साली ऑल्कट व एमर्सन यांनी टोकोफेरॉलच्या अंगी हा गुण असल्याचे दाखविले. प्रजननाला आवश्यक असलेले द्रव्य आणि चरबीचा खवटपणा रोखणारे द्रव्य एकच निघाले. अर्काकडून द्रव्याकडे आणि द्रव्याकडून त्याच्या क्रियेकडे, असा हा प्रवास झाला. पुढील सर्व संशोधनाला मापदंड म्हणून तो उपयोगी पडतो.

३

खवटपणा ही चरबीची गोष्ट झाली. जिवंत पेशीलाही प्राणवायू अपायकारक ठरू शकतो ही कल्पना मात्र सहजासहजी स्वीकारली गेली नाही. १८७८ साली फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी अधिक दाबाखालील प्राणवायूने प्राण्यांना आचके येऊन ते मरतात हे आपल्या ग्रंथात सिद्ध केले होते. पण हा धोका पाणबुड्यांपुरता आणि विमानविद्येपुरता मर्यादित मानला गेला. १९५४ साली मूळच्या अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले की, प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे मुक्त मूलके. जिवंत पेशीत अशी मूलके सतत निर्माण होत असतील यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही.

तो बसला १९६९ साली. ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचे विघटन करणारे एंझाइम ओळखले आणि त्याला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असे नाव दिले. ज्या शत्रूसाठी पेशी पहारेकरी ठेवते तो शत्रू काल्पनिक असणार नाही, हा या शोधाचा अर्थ होता. १९८५ साली जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ केली. म्हणजे आज प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात येणारी ही संज्ञा जेमतेम चार दशकांची आहे.

४

आता अंडपेशीकडे वळू. सस्तन प्राण्याची अंडपेशी कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांनी १८२७ साली कुत्रीच्या अंडाशयात प्रथम पाहिली. १८९० साली वॉल्टर हीप यांनी एका सशिणीचे फलित गर्भ दुसऱ्या जातीच्या सशिणीच्या अंडवाहिनीत सोडून त्यांपासून पिले मिळविली. परंतु गर्भ शरीराबाहेर दीर्घकाळ जिवंत ठेवणे ही निराळी गोष्ट होती. १९३५ साली पिंकस व एन्झमन यांनी असे दाखविले की, सशाची अंडपेशी पुटकातून बाहेर काढताच तिचे खोळंबलेले अर्धसूत्री विभाजन आपोआप पुन्हा सुरू होते. बाहेरील द्रवात अंडपेशी ‘परिपक्व’ करण्याच्या आजच्या साऱ्या तंत्राचा पाया या निरीक्षणात आहे.

१९४९ साली जॉन हॅमंड कनिष्ठ यांनी उंदराचे आठ पेशींचे गर्भ वाढविले, तेव्हा त्यांनी वापरलेल्या क्षारद्रवात कोंबडीच्या अंड्याचा बलक व पांढरा भाग मिसळलेला होता. तोही एक नैसर्गिक अर्कच म्हणावयाचा. १९५६ साली ऑस्ट्रेलियात व्हिटन यांनी या मिश्रणाऐवजी गोवंशीय रक्तातील शुद्ध अल्ब्युमिन वापरून तेच साधले, आणि संवर्धन-द्रवातील प्रत्येक घटक नाव घेऊन सांगता येऊ लागला. या द्रवाच्या आधारे १९५८ साली अॅन मॅक्लारेन व जॉन बिगर्स यांनी शरीराबाहेर वाढविलेले गर्भ मादीच्या गर्भाशयात रुजवून जिवंत पिले मिळविली. गव्हांकुराच्या तेलाच्या बाबतीत जे घडले तेच येथेही घडले. मिश्रणाने वाट दाखविली. ज्ञान वाढले ते मिश्रण उलगडल्यावर.

द्रवाचा प्रश्न असा सुटत असता वर असलेल्या हवेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. संवर्धनपेटीत हवा आणि ५ टक्के कर्बद्विप्राणिल वायू यांचे मिश्रण सोडण्याचा प्रघात होता. अशा मिश्रणात प्राणवायू सुमारे २० टक्के असतो. अंडवाहिनीत मात्र तो इतका नसतो. १९६५ साली मास्ट्रोयानी व जोन्स यांनी सशिणीच्या अंडवाहिनीतील प्राणवायूचा दाब मोजला. १९९३ साली फिशर व बॅव्हिस्टर यांनी माकड, हॅम्स्टर व ससा यांच्या अंडवाहिनीत व गर्भाशयात तशीच मोजमापे केली. या मोजमापांचा साधारण आशय असा की, तेथील प्राणवायूचे प्रमाण वातावरणातील प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी असते आणि बहुधा २ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान राहते.

व्हिटन यांनी १९६९ साली प्राणवायू कमी केल्यास उंदराच्या अंड्यांचे विभाजन अधिक चांगले होते असे निवेदन केले. १९७२ साली टर्व्हिट, व्हिटिंगहॅम व रोसन यांनी मेंढीच्या अंडवाहिनीतील द्रवाचे पृथक्करण आधाराला घेऊन एक कृत्रिम द्रव तयार केला आणि ५ टक्के प्राणवायूत मेंढी व गाय यांचे गर्भ वाढविले. १९७८ साली क्विन व हार्लो यांनी निरनिराळी प्रमाणे पद्धतशीरपणे तपासली, तेव्हा उंदराच्या गर्भांना ५ टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण सर्वांत अधिक मानवते असे दिसून आले.

या तीन निबंधांचे महत्त्व असे की, गर्भाला जडणाऱ्या ऑक्सिडीकारक ताणाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील हवेतून येतो हे त्यांनी स्पष्ट केले. ही इजा निसर्गाने केलेली नाही, आपण केलेली आहे. तिच्यावरील पहिला उपाय अर्क नव्हता. प्राणवायू कमी करणे हाच तो उपाय होता. असे असूनही अनेक प्रयोगशाळांत साध्या हवेचा वापर पुढे दीर्घकाळ चालू राहिला, कारण हवा विनामूल्य मिळते आणि प्राणवायू कमी करण्यास नत्रवायूची टाकी व नियंत्रक यंत्र लागते. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गर्भाच्या वाढीसाठी कमी प्राणवायू हितावह असल्याचा पुरावा भक्कम आहे. अंडपेशी परिपक्व होण्याच्या आधीच्या टप्प्यासाठी मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि द्रवातील शर्करेच्या प्रमाणानुसार ते बदलतात.

५

अंडपेशी ही काही असहाय पेशी नव्हे. प्राण्याच्या शरीरातील ती सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असून तिच्यात एक लाखाहून अधिक तंतुकणिका असू शकतात. ऊर्जा निर्माण करताना याच तंतुकणिकांतून सुपरऑक्साइड झिरपत असते. तेव्हा या पेशीजवळ स्वतःचे संरक्षण असणे क्रमप्राप्त आहे. त्या संरक्षणाच्या केंद्रस्थानी ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू आहे. ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन व ग्लायसीन या तीन अॅमिनो अम्लांपासून तो बनतो. १९२१ साली केंब्रिज येथे हॉपकिन्स यांनी तो वेगळा करून नावारूपास आणला.

१९८०नंतरच्या दशकात हॅम्स्टर व उंदीर यांवरील प्रयोगांतून असे कळून आले की, अंडपेशी परिपक्व होत असतानाच ग्लुटाथायोनचा साठा करते. हा साठा केवळ ढाल नसून हत्यारही आहे. शुक्रपेशीच्या डोक्यातील जनुकद्रव्य गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेले असते. फलनानंतर ते बंध सोडविण्याचे काम अंडपेशीतील ग्लुटाथायोन करते. साठा अपुरा असेल तर शुक्रपेशी आत शिरूनही नर-केंद्रक नीट उलगडत नाही. डुकराच्या अंडपेशींत हा संबंध १९९३ साली स्पष्टपणे दाखविण्यात आला.

त्याच वर्षी जपानी संशोधकांनी गायीच्या गर्भांच्या संवर्धनात गंधकयुक्त थायोल द्रव्ये वापरून ग्लुटाथायोन वाढविता येते असे दाखविले. १९९५ साली अर्जेंटिनातील दे मातोस व सहकारी यांनी गायीच्या अंडपेशी परिपक्व होत असताना द्रवात सिस्टिअॅमीन घातले; अंडपेशीतील ग्लुटाथायोन वाढले आणि गर्भनिर्मितीही सुधारली. यामागील क्रिया समजण्यासारखी आहे. सिस्टीन हे अॅमिनो अम्ल संवर्धन-द्रवात लवकर ऑक्सिडीभूत होऊन अंडपेशीला सहज न मिळणाऱ्या रूपात जाते. सिस्टिअॅमीन त्याला पुन्हा उपयोगी रूपात आणून आत पोहोचविते. बाहेरून नवी ढाल द्यावी लागली नाही. ढाल घडविण्याचा कच्चा माल पुरविला, तेवढ्याने काम झाले.

म्हशीच्या बाबतीत या ज्ञानाचे मोल विशेष आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० साली शरीरबाह्य फलनाने म्हशीचे पहिले रेडकू जन्मास आले. ‘प्रथम’ हे त्याचे नाव सार्थ होते. परंतु या तंत्राच्या वाटेतील अडचणी गायीपेक्षा म्हशीत अधिक आहेत. म्हशीच्या अंडाशयात पुटके थोडी असतात, त्यामुळे हाती लागणाऱ्या चांगल्या अंडपेशींची संख्याही थोडी. शिवाय या अंडपेशीत मेदबिंदू विपुल असल्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली काळसर दिसते, आणि मेद हेच तर ऑक्सिडीभवनाचे आवडते भक्ष्य. २००० साली नेपल्स येथील गास्पारिनी व सहकारी यांनी सिस्टिअॅमीनचा उपयोग म्हशीच्या अंडपेशींतही होतो हे सिद्ध केले. जेथे प्रत्येक अंडपेशी मोलाची आहे, तेथे संरक्षणाचा प्रश्न हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न राहत नाही.

६

वनस्पतिज अर्क या क्षेत्रात आले ते या पार्श्वभूमीवर, आणि मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर. त्यांचे रसायनशास्त्र मात्र पुष्कळ जुने होते. हळदीतील पिवळे द्रव्य फोगेल व पेल्तिए यांनी १८१५ सालीच वेगळे केले. करक्युमिनची रेणुरचना १९१० साली मिलोबेंज्का, कोस्तानेकी व लाम्पे यांनी निश्चित केली. हिरव्या चहातील कॅटेचिन १९२९ साली जपानी शास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी वेगळे केले. रेझव्हेराट्रॉल हे द्रव्य १९३९ साली ताकाओका यांनी व्हेराट्रम या वनस्पतीतून मिळविले. १९७६ साली लँगकेक व प्राइस यांनी ते द्राक्षवेलीच्या पानांत, आणि तेही बुरशीचा संसर्ग अथवा अतिनील किरणांची इजा झाल्यानंतर, निर्माण होते असे दाखविले. हे शेवटचे निरीक्षण ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी बरेच काही सांगून जाते. वनस्पती ही द्रव्ये आपल्या किंवा गायीच्या कल्याणासाठी बनवीत नाही. बुरशी, कीटक व सूर्यप्रकाश यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ती बनविते; बुरशीच्या दृष्टीने ती विषेच होत.

१९९२ साली मद्यात रेझव्हेराट्रॉल असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर या द्रव्यांना एकाएकी प्रतिष्ठा लाभली आणि प्रजननशास्त्रातही त्यांची चाचणी होऊ लागली. २००७ साली चहातील पॉलिफेनॉलांचा गायीच्या अंडपेशींवर प्रयोग झाला. २००८ साली इस्राएलमधील रोथ व सहकारी यांनी उष्णतेचा ताण दिलेल्या उंदरांच्या माद्यांत चहातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट या द्रव्यामुळे अंडपेशींवरील दुष्परिणाम सौम्य होतो असे दाखविले. आपल्याकडे उन्हाळ्यात म्हशी माजावर येण्याचे व गाभण राहण्याचे प्रमाण घटते हे लक्षात घेता, हा प्रयोग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

२०१२ साली कोरियातील संशोधकांनी डुकराच्या अंडपेशींवर केलेला रेझव्हेराट्रॉलचा प्रयोग या साऱ्या साहित्यातील चांगल्या प्रयोगांपैकी एक होय. परिपक्व होणाऱ्या अंडपेशींची संख्या त्याने वाढली नाही. परंतु अल्प मात्रेत अंडपेशीतील ग्लुटाथायोन वाढले, क्रियाशील प्राणवायू घटला आणि २ मायक्रोमोल मात्रेत गर्भांचे प्रमाण सुधारले. मात्रा आणखी वाढविल्यावर मात्र तो लाभ टिकला नाही. थोड्या मात्रेत उपकारक, अधिक मात्रेत निरुपयोगी वा अपायकारक, हा आलेख या वर्गातील द्रव्यांच्या बाबतीत पुनःपुन्हा आढळतो. द्रव्य जर मूलकांना केवळ शोषून घेत असते, तर मात्रेबरोबर लाभ वाढावयास हवा होता, निदान तो घटावयास नको होता. तेव्हा येथे काही निराळी क्रिया घडत असली पाहिजे.

त्या क्रियेचा एक धागा १९९२ साली टॅलले व सहकारी यांनी ब्रोकोलीतून वेगळ्या केलेल्या सल्फोराफेनच्या अभ्यासातून आणि पुढे यामामोटो यांच्या गटाने उलगडलेल्या ‘एनआरएफ-२’ या नियंत्रक प्रथिनाच्या अभ्यासातून हाती आला. वनस्पतिज द्रव्ये पेशीला सौम्य डिवचतात. त्या डिवचण्याने हे प्रथिन जागे होऊन पेशी आपल्या संरक्षक एंझाइमांची निर्मिती वाढविते. स्पष्टीकरण आकर्षक आहे, परंतु अंडपेशीला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. पूर्ण वाढलेल्या अंडपेशीत जनुकांवरून नवे संदेश उतरविण्याचे काम बहुतांशी थांबलेले असते. फलनानंतर गर्भाचे स्वतःचे जनुक जागे होईपर्यंत तिला साठविलेल्या संदेशांवरच निभवावे लागते. जे काम थांबलेले आहे ते डिवचून सुरू कसे होणार? हा परिणाम अंडपेशीभोवतालच्या क्युम्युलस पेशींवर होत असणे अधिक संभवनीय आहे, कारण त्या पेशी क्रियाशील असतात आणि सूक्ष्म सेतूंमधून अंडपेशीला पोषक द्रव्ये पुरवितात. म्हणून क्युम्युलस पेशींसह व त्यांच्याविना, असे दोन्ही प्रकारे प्रयोग केल्याखेरीज अर्काचा परिणाम अंडपेशीवर झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

७

विषयाच्या इतिहासात शंकांनाही स्थान असते, आणि येथील तीन शंका विशेष वजनदार आहेत.

पहिली शंका रासायनिक. २००० साली लाँग, क्लेमेंट व हॅलिवेल यांनी असे निदर्शनास आणले की, चहातील कॅटेचिने किंवा क्वेर्सेटिन ही द्रव्ये नेहमीच्या पेशीसंवर्धन-द्रवात घालताच त्वरेने हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न होते. म्हणजे ज्याला आपण संरक्षक म्हणून घालतो तोच त्या बशीत हल्लेखोर निर्माण करू शकतो. उलट, संवर्धन-द्रवात ऊर्जेसाठी घातलेले साधे पायरुव्हेट हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करते. एका द्रवात लाभदायक ठरलेला अर्क दुसऱ्या द्रवात का फसतो, याचे एक उत्तर येथे मिळण्याजोगे आहे.

दुसरी शंका मोजमापाची. अंडपेशीतील क्रियाशील प्राणवायू मोजण्यासाठी बहुधा एक रंजक वापरतात. ऑक्सिडीभवन झाले की ते चमकू लागते. परंतु हे रंजक कोणत्या एका रूपाशीच क्रिया करते असे नाही, आणि लोहासारख्या धातूंचा व एंझाइमांचाही त्यावर परिणाम होतो. करक्युमिनसारखे द्रव्य तर स्वतःच रंगीत व प्रकाशमान आहे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका विस्तृत समीक्षेत करक्युमिनविषयी असा इशारा देण्यात आला की, ते अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत खोटा होकार देते, आणि त्याच्यावर आधारलेली विधाने फार जपून करावयास हवीत. हळदीविषयीच्या आपल्या आपुलकीने हा इशारा सौम्य होत नाही.

तिसरी शंका सर्वांत मूलगामी आहे. क्रियाशील प्राणवायू हा सर्वथा शत्रूच आहे काय? २००२ साली स्पेनमधील तारिन व सहकारी यांनी उंदरांच्या माद्यांना जीवनसत्त्व ‘सी’ व ‘ई’ मोठ्या मात्रेत दिली. वयोमानाने अंडपेशींच्या संख्येवर व गुणवत्तेवर होणारा अनिष्ट परिणाम त्यामुळे कमी झाल्याचे त्यांनी नोंदविले. आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात याच उपायाने माद्यांची प्रजननक्षमता घटल्याचे व अंडाशय आणि गर्भाशय यांच्या कार्यात बिघाड झाल्याचेही नोंदविले. लाभ व हानी अशा दोन्ही बाजू प्रसिद्ध करण्याचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. पुढे २०११ साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी उंदरांच्या अंडाशयाभोवती ऑक्सिडीभवनरोधी द्रव्ये सोडली असता अंडमोचनच रोखले जाते असे दाखविले. पुटक फुटून अंडपेशी बाहेर पडण्यासाठी क्रियाशील प्राणवायूचा संदेश आवश्यक असतो. सारांश, एका टप्प्यावर जी इजा असते तीच दुसऱ्या टप्प्यावर आज्ञा असू शकते. त्या आज्ञेचा कंठ अर्काने दाबला तर त्याला संरक्षण म्हणता येणार नाही.

८

या इतिहासाचा निष्कर्ष अर्कविरोधी आहे असे कोणी समजू नये. टोकोफेरॉल अर्कातूनच हाती आले, आणि कोंबडीच्या अंड्याच्या मिश्रणानेच संवर्धनाची वाट खुली केली. परंतु या दोन्ही ठिकाणी अर्क हा संशोधनाचा आरंभ होता, शेवट नव्हता. आज अनेक निबंधांत त्याचे स्थान उलट झालेले दिसते. अर्क घातला, गर्भांचे प्रमाण काही टक्क्यांनी वाढले, आणि निबंध संपला. वनस्पती कोणत्या ऋतूत गोळा केली, कोणत्या विद्रावकाने अर्क काढला, त्यात कोणते द्रव्य किती होते, हे न सांगितल्यास तो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही. आणि जो प्रयोग पुन्हा करता येत नाही त्याची गणना ज्ञानात होत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न तुलनेचा आहे. २० टक्के प्राणवायूत ठेवलेल्या गर्भांना अर्काने वाचविले, तर त्यावरून एवढेच सिद्ध होते की, आपण केलेली इजा आपणच अंशतः भरून काढली. तोच अर्क ५ टक्के प्राणवायूत, पायरुव्हेट व सिस्टिअॅमीनयुक्त द्रवातही लाभ देतो काय, हे पाहिल्याशिवाय त्याच्या स्वतंत्र मूल्याचा निर्णय करता येणार नाही. आणि अखेरची कसोटी बशीतील गर्भांची संख्या ही नसून जन्माला आलेले निरोगी वासरू ही आहे. मॅक्लारेन व बिगर्स यांनी १९५८ साली हीच कसोटी लावली होती. आज ती अधिक खर्चिक वाटते म्हणून टाळली जाते. ती अनावश्यक मात्र झालेली नाही.

२०१६च्या सुमारास जगातील गोवंशीय गर्भांपैकी शरीराबाहेर तयार होणाऱ्यांची संख्या शरीरात तयार होणाऱ्यांहून अधिक झाली. अंडपेशी बशीत किती सुरक्षित राहते, हा प्रश्न त्यामुळे प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर गोठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. एका म्हशीच्या गाभण राहण्यावर ज्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते, त्याला अर्काच्या नावाशी कर्तव्य नाही. त्याला रेडकू हवे असते. आपल्या विद्यार्थ्यांनी या विषयात अवश्य उतरावे. मात्र कोणता अर्क अंडपेशीला वाचवितो हे विचारण्यापूर्वी, तिला कशापासून वाचवावयाचे आहे आणि तो धोका आणला कोणी, हे त्यांनी विचारावे. इव्हान्स यांनी गव्हांकुराचे तेल हाती घेतले तेव्हा विचारलेला प्रश्नही याच जातीचा होता, आणि त्याचे उत्तर मिळावयास चौदा वर्षे लागली.